टंचाई संपते, दुर्मिळता संपत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘प्रश्न साधनांचा नाही, इच्छाशक्तीचा आहे’ हे वाक्य गेल्या काही वर्षांत अग्रलेखांत, वाचकांच्या पत्रांत आणि सभांच्या वृत्तांतांत मी इतक्या वेळा वाचले आहे, की आता ते दिसताच माझा हात लाल पेन्सिलीकडे जातो. अनेक वर्षे अर्थशास्त्र शिकवल्यामुळे जडलेली ही खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. त्या वाक्यामागे तळमळ असते हे मला मान्य आहे. काही प्रसंगी ते खरेही असते आणि ते केव्हा खरे असते हे मी पुढे सांगणारच आहे. परंतु बहुतेक वेळा ते वाक्य ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिलेले असते, नेमका तोच प्रश्न ते उडवून लावते. साधने मर्यादित आहेत आणि त्यांचे उपयोग अनेक आहेत, म्हणून एका गोष्टीला हो म्हणताना दुसऱ्या कशाला तरी नाही म्हणावे लागते, ही अर्थशास्त्राची पहिली पायरी आहे. इच्छाशक्ती कितीही प्रबळ असली तरी ही पायरी गाळून कोणालाही वर जाता येत नाही.

या गोंधळाचे मूळ मला दोन शब्दांच्या सरमिसळीत दिसते. ‘टंचाई’ आणि ‘दुर्मिळता’ हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. शास्त्रात मात्र त्यांचे अर्थ वेगळे आहेत. चालू किमतीला लोकांना जेवढी वस्तू घ्यायची आहे तेवढी बाजारात नसली, की टंचाई निर्माण होते. ती एखाद्या वस्तूची असते, एखाद्या काळापुरती असते. पुरवठा वाढला, किंमत चढली किंवा मागणी ओसरली की ती जाते. दुर्मिळता अशी येत-जात नाही. ती भरलेल्या गोदामातही असते, कारण गोदाम भरण्यासाठी लागलेली जमीन, श्रम, यंत्रे आणि वेळ यांचा दुसरा काही उपयोग करता आला असता. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली अर्थशास्त्राची जी व्याख्या केली तिचा सारा भर यावरच होता: माणसाची उद्दिष्टे अनेक, साधने मर्यादित आणि त्या साधनांचे उपयोग पर्यायी, या पेचात सापडलेल्या मानवी वर्तनाचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. या व्याख्येवर पुढे बरीच टीका झाली. बेकारी, मंदी आणि आर्थिक विकास हे प्रश्न तिच्या चौकटीत नीट बसत नाहीत, हा आक्षेप रास्तच आहे. तरीही तिच्यातील ‘पर्यायी उपयोग’ ही अट मला मोलाची वाटते. एखादे साधन अगदी थोडे असले, पण त्याचा उपयोग एकाच ठिकाणी होण्यासारखा असला, तर ते कोठे वापरावे हा विचार करण्याचे कारणच उरत नाही.

दुर्मिळ म्हणजे निसर्गात कमी प्रमाणात सापडणारे, हाही असाच एक गैरसमज आहे. जी वस्तू क्वचितच आढळते पण कोणालाही नको असते, ती अर्थशास्त्राच्या दृष्टीने दुर्मिळ नव्हे. उलट, ॲल्युमिनियमचा इतिहास पाहावा. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ८ टक्के ॲल्युमिनियम आहे. कोणताही दुसरा धातू तेथे इतका विपुल नाही. तरीही अमेरिकेच्या राजधानीतील वॉशिंग्टन स्मारकाचे काम १८८४ साली पूर्ण झाले तेव्हा त्याच्या शिखरावर मानाने बसवलेला छोटा सुळका या धातूचा होता, कारण त्या काळी त्याचे मोल चांदीच्या बरोबरीचे होते. पुढे दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी एकमेकांना ठाऊक नसताना विजेच्या साहाय्याने हा धातू वेगळा करण्याची पद्धत शोधली आणि त्याची किंमत झपाट्याने कोसळली. जमिनीतले ॲल्युमिनियम होते तेवढेच राहिले होते. बदलली होती ती ते मिळवण्यासाठी लागणारी इतर साधने. मात्र येथे दुर्मिळता संपली असे म्हणता येणार नाही, तिने फक्त आपले बिऱ्हाड हलवले. आज एक टन ॲल्युमिनियम वितळभट्टीतून काढण्यासाठी साधारण १३ ते १५ हजार युनिट वीज लागते आणि ती वीज दुसरीकडेही हवी असते.

वेळेच्या बाबतीत तर बिऱ्हाड हलवण्याचीही सोय नाही. श्रीमंतातल्या श्रीमंत माणसाचा दिवसही २४ तासांचाच असतो. (आपल्या पत्रव्यवहाराच्या स्तंभालाही ठरावीक जागाच असते, आणि माझे हे लांबलचक पत्र छापले गेले तर कोणाची तरी दोन-तीन पत्रे मागे राहतील, याची मला जाणीव आहे.)

दुर्मिळतेतून निवड कशी अटळ होते आणि ती निवड कोणीतरी करतेच, हे सांगण्यासाठी मी वर्गात नेहमी एकच उदाहरण घेत असे. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त यंत्राद्वारे शुद्ध करण्याचे तंत्र नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ च्या सुमारास सिद्ध केले. परंतु प्रत्येक वेळी रोहिणी आणि नीला या रक्तवाहिन्या नव्याने उघडाव्या लागत असल्याने ते थोड्याच वेळा वापरता येत असे. अमेरिकेतील सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० साली हातावर कायम राहू शकेल अशी टेफ्लॉनची नळी बसवून ही अडचण दूर केली, आणि ज्यांचा मृत्यू निश्चित होता असे रुग्ण वर्षानुवर्षे जगू शकतील अशी शक्यता निर्माण झाली. १९६२ मध्ये तेथे डायलिसिससाठी स्वतंत्र केंद्र सुरू झाले. यंत्रे मोजकी होती आणि रुग्ण पुष्कळ. डॉक्टरांनी वैद्यकीय निकषांवर चाळणी केल्यानंतरही जागांपेक्षा पात्र रुग्ण अधिक उरत. तेव्हा उरलेला निर्णय सात जणांच्या एका समितीकडे सोपवण्यात आला. तीत वकील, धर्मगुरू, बँक व्यावसायिक, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता आणि एक शल्यचिकित्सक होते. त्यांची नावे गुप्त ठेवण्यात आली होती. रुग्णाचे वय, वैवाहिक स्थिती, त्याच्यावर अवलंबून असलेली मुले, उत्पन्न, शिक्षण, व्यवसाय, इतकेच काय चर्चमधील सहभाग, अशा गोष्टींचा विचार ही समिती करी. ही बातमी प्रसिद्ध झाल्यावर मोठा गदारोळ झाला, आणि तो योग्यच होता.

पण टीकाकारांपैकी अनेकांचा रोख ‘अशी समिती असूच नये’ असा होता, आणि तेथे माझे विद्यार्थीही हमखास अडखळत. समिती नसती तर निवड टळली असती का? मुळीच नाही. प्रथम येईल त्याला प्रथम असा नियम केला असता तर ज्याचे निदान लवकर झाले आणि जो जवळ राहत होता तो निवडला गेला असता. किंमत लावली असती तर ज्याच्यापाशी पैसा होता तो. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर नशीबवान. रांग, किंमत, सोडत, समिती, हुकूम, ओळखपाळख या सगळ्या वाटपाच्याच पद्धती आहेत आणि प्रत्येक पद्धत वेगळ्या माणसाच्या पदरात झुकते माप टाकते. समितीचा दोष एवढाच की तिने ही गोष्ट उघडपणे केली. रांगेमुळे होणारी निवड आपल्याला निवड वाटत नाही, म्हणून ती निष्पक्ष वाटते.

या कथेचा उत्तरार्ध तितकाच बोधक आहे. १९७२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून मूत्रपिंड निकामी झालेल्या बहुतेक सर्व रुग्णांचा उपचारखर्च मेडिकेअर या सार्वजनिक विमा योजनेखाली आणला. येथे इच्छाशक्ती होती आणि तिने यंत्रांची टंचाई खरोखरच संपवली; लाखो लोक त्यामुळे जगले. तरीही मेडिकेअरच्या लाभार्थ्यांपैकी जेमतेम एक टक्का असलेल्या या रुग्णांवर तिच्या खर्चाचा सहा-सात टक्के वाटा जाऊ लागला. तो खर्च अयोग्य होता असे मी मुळीच म्हणत नाही. मी एवढेच म्हणते की समितीच्या खोलीत जो प्रश्न सात जणांसमोर होता, तो तेथून निघून अंदाजपत्रकात गेला आणि तेथे त्याला चेहरा राहिला नाही. शिवाय दुर्मिळता यंत्रांवरून प्रत्यक्ष मूत्रपिंडांवर सरकली. मूत्रपिंडाची खरेदी-विक्री इराणचा अपवाद सोडल्यास जवळजवळ सर्वत्र बेकायदा आहे, म्हणजे किंमत हा वाटपाचा मार्ग समाजांनी जाणूनबुजून बंद केला आहे. तेव्हा अमेरिकन अर्थतज्ज्ञ आल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी वाट काढली. आपल्या नातेवाइकाला मूत्रपिंड द्यायला तयार असलेला, पण रक्तगट किंवा ऊती न जुळणारा दाता अशाच दुसऱ्या जोडीशी अदलाबदल करू शकेल अशा साखळ्या त्यांनी गणिताच्या आधारे जुळवल्या. रॉथ यांना लॉइड शेपली यांच्यासमवेत २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते अशाच कामासाठी. पैसा मध्ये न आणताही अर्थशास्त्र उपयोगी पडते, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

निवड म्हटली की त्याग आला. एखाद्या निवडीचा खरा खर्च म्हणजे तिच्यासाठी सोडून द्यावा लागलेला सर्वांत चांगला पर्याय. ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ फ्रिडरिश फॉन वीझर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पद्धतशीर मांडलेल्या या कल्पनेला आपण वैकल्पिक खर्च किंवा संधित्याग खर्च म्हणतो. येथे विद्यार्थी एक चूक हमखास करीत: सोडलेले सगळेच पर्याय बेरजेत धरत. एका मोकळ्या संध्याकाळी वाचन करता आले असते, झोपता आले असते किंवा काही कमावता आले असते. पण ती संध्याकाळ एकच होती, त्यामुळे तिच्यासोबत गेलेला पर्यायही एकच, त्यांतला जो आपल्याला सर्वाधिक प्रिय होता तो. दुसरी चूक मोठी माणसे, विशेषतः सरकारे करतात. झालेला आणि परत न मिळणारा खर्च ती पुढच्या निर्णयाच्या तराजूत टाकतात. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९६२ मध्ये करार करून हाती घेतलेले काँकॉर्ड हे स्वनातीत, म्हणजे आवाजाहून वेगाने उडणारे, प्रवासी विमान व्यापारी दृष्ट्या परवडणार नाही अशी चिन्हे दिसू लागल्यावरही दोन्ही देश पैसे ओतत राहिले. एकूण २० विमाने बांधली गेली, प्रवासी सेवा १९७६ मध्ये सुरू झाली आणि २००३ मध्ये थांबली. ‘इतके घातले आहेत तर आता मागे कसे फिरायचे’ हा युक्तिवाद इतका प्रसिद्ध झाला की त्या फसगतीला या विमानाचेच नाव पडले. बुडालेला खर्च हा खर्च असतो, पण तो यापुढच्या निवडीचा खर्च नसतो.

वैकल्पिक खर्च विसरला जातो याचे कारण साधे आहे: जे निवडले ते डोळ्यांसमोर उभे राहते आणि जे सोडले ते कधी जन्मालाच येत नाही. फ्रेंच अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक बास्तिया यांनी १८५० मध्ये फुटलेल्या काचेच्या दाखल्याने हे सांगितले. दुकानाची काच फुटली की काचवाल्याला काम मिळते, म्हणून नुकसानीतही समाजाचा फायदाच आहे असे बघे म्हणतात. दुकानदार त्याच पैशात जी दुसरी वस्तू घेणार होता, ती बनवणाऱ्याचे हुकलेले काम मात्र कोणालाच दिसत नाही. रोजगारनिर्मितीच्या प्रत्येक घोषणेसोबत हा न दिसणारा माणूस उभा असतो, आणि वृत्तांतात त्याच्यासाठी एक ओळही नसते.

निवडीविषयी आणखी एक मुद्दा थोडक्यात सांगायला हवा. ‘आरोग्य महत्त्वाचे की शिक्षण’ असा वाद आपल्या स्तंभांत मोठ्या हिरिरीने चालतो, पण तसा पर्याय प्रत्यक्षात कोणापुढे कधी नसतो. पाणी जीवनावश्यक असून स्वस्त आणि हिरा निरुपयोगी असून महाग, हे कोडे अर्थशास्त्राचे जनक मानले जाणारे ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये नोंदवले होते. ते सुटण्यासाठी सुमारे शतक जावे लागले. १८७१ मध्ये जेव्हन्स आणि मेंगर या अर्थतज्ज्ञांनी आणि १८७४ मध्ये वालरा यांनी स्वतंत्रपणे दाखवले की किंमत ठरते ती संपूर्ण पाण्याच्या उपयोगितेवरून नव्हे, तर शेवटच्या घागरीच्या उपयोगितेवरून. यालाच सीमान्त उपयोगिता म्हणतात. त्याच न्यायाने विचारायचे ते असे: आणखी एक डॉक्टर की आणखी एक शिक्षक? आज असलेल्या स्थितीत, पुढच्या एका पावलाने अधिक भले कोठे होईल? हा प्रश्न घोषणेसाठी फारसा सोयीचा नाही, पण त्याचे उत्तर निदान शोधता येते.

आता उत्पादनाकडे वळते, कारण अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण अंथरूण मोठे कसे होते ते सांगत नाही. भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन (म्हणजे उद्योजकाचे काम) हे उत्पादनाचे चार घटक आणि खंड, मजुरी, व्याज आणि नफा हे त्यांचे मोबदले, एवढे शाळेत पाठ झालेले असते. मात्र यातील ‘भांडवल’ या शब्दाचा वृत्तपत्रीय वापर मला नेहमी खटकतो. आपण भांडवल म्हणजे पैसा समजतो. अर्थशास्त्रात भांडवल म्हणजे उत्पादनासाठी आधी उत्पादन करून ठेवलेले साधन: यंत्र, इमारत, रस्ता, धरण. नोटा छापून एकही यंत्र तयार होत नाही. यंत्र तयार करायचे तर आज उपभोगाच्या वस्तू बनवू शकले असते असे काही हात, काही पोलाद आणि काही वीज तिकडे वळवावी लागते, म्हणजे आजच्या उपभोगातून काही कापून उद्याचे उत्पादन वाढवावे लागते. म्हणूनच गरीब समाजाला भांडवल उभे करणे इतके जड जाते. जेथे आजचेच भागत नाही, तेथे कापायचे कशातून?

हाती असलेली सगळी साधने पूर्णपणे आणि कार्यक्षमतेने वापरली तर दोन वस्तूंची कोणकोणती जोडपी निर्माण करता येतील, हे दाखवणाऱ्या रेषेला उत्पादन शक्यता वक्र म्हणतात. फळ्यावर काढलेला हा वक्र इतिहासात स्पष्ट दिसला तो दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेत फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी वापराच्या मोटारींचे उत्पादन थांबवण्यात आले आणि ते युद्ध संपेपर्यंत बंदच राहिले, कारण त्याच कारखान्यांतून, त्याच पोलादातून आणि त्याच कामगारांच्या हातून आता रणगाडे आणि विमाने हवी होती. यात निवड इतकी उघडी होती की ती समजावून सांगण्याची गरज पडली नाही. परंतु त्याआधीच्या दोन वर्षांत, १९४० आणि १९४१ मध्ये, त्याच देशात युद्धसामग्रीचे उत्पादन आणि लोकांचा उपभोग ही दोन्ही एकाच वेळी वाढली होती. हे शक्य झाले, कारण महामंदीने लाखो माणसे आणि अगणित यंत्रे बसवून ठेवली होती. १९३३ मध्ये सुमारे एक चतुर्थांश कामगार बेकार होते, १९४० मध्येही बेकारी १४ टक्क्यांच्या आसपास होती; १९४४ पर्यंत ती १.२ टक्क्यांवर आली. म्हणजे अर्थव्यवस्था वक्राच्या आत होती आणि तेथून वक्रापर्यंत येताना काहीच सोडावे लागत नव्हते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९३६ मध्ये याच स्थितीचा विचार मांडला होता.

सुरुवातीला ज्या वाक्यावर मी लाल पेन्सिल चालवली, ते खरे ठरते ते अशाच वेळी. हात रिकामे असतात, यंत्रे गंजत असतात आणि तरीही गरजा भागत नसतात, तेव्हा प्रश्न खरोखरच साधनांचा नसून धोरणाचा, हवे तर इच्छाशक्तीचा म्हणा, असतो. तेव्हा ते वाक्य लिहिणाऱ्याने एवढेच दाखवावे की तो ज्या साधनांविषयी बोलतो आहे ती आज बसून आहेत. जे अभियंते, ज्या परिचारिका, जी जमीन आधीच दुसऱ्या कामात गुंतलेली आहे, त्यांच्या बाबतीत ते वाक्य लागू पडत नाही. मला वाटते, हा फरक नीट पाहिला तर सार्वजनिक वादांतील निम्मी कटुता ओसरेल. कारण दोन्ही बाजू बहुधा आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त एक पक्ष वक्राच्या आतील स्थिती गृहीत धरतो आणि दुसरा वक्रावरची.

वक्रच बाहेर सरकवण्याचे मार्गही आहेत, आणि येथे मात्र उत्साहाला वाव आहे. स्मिथ यांनी वर्णन केलेल्या टाचण्यांच्या कारखान्यात काम सुमारे अठरा क्रियांत विभागलेले होते आणि दहा माणसे मिळून दिवसाला ४८,००० टाचण्या करीत; एकेकट्याने, काम न शिकता, प्रत्येकाला विसेकही करता आल्या नसत्या, कदाचित एकही नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये हाच विचार देशांमधील व्यापाराला लावला, पण एक अनपेक्षित वळण देऊन. त्यांच्या उदाहरणात ठरावीक कापड बनवण्यासाठी इंग्लंडला १०० आणि पोर्तुगालला ९० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात, तर ठरावीक मद्यासाठी अनुक्रमे १२० आणि ८०. पोर्तुगाल दोन्हींत सरस आहे. मग त्याने इंग्लंडकडून काही का घ्यावे? कारण त्या ठरावीक मापाला एक नग मानले, तर मद्याचा एक नग करताना पोर्तुगाल कापडाचा ०.८९ नग (८० भागिले ९०) सोडतो आणि इंग्लंड १.२ (१२० भागिले १००), कापडाच्या बाबतीत हे चित्र उलटे होते. कोण अधिक कुशल आहे याला येथे महत्त्व नाही, कोणाला कशासाठी कमी सोडावे लागते याला आहे. वैकल्पिक खर्चाची ही कल्पना व्यापाराच्या मुळाशी सापडते तेव्हा माझ्या वर्गातल्या एखाददुसऱ्या डोळ्यांत जी चमक येई, तिच्यासाठी उरलेले सगळे तास शिकवावेत असे वाटे.

घटत्या फलाचा नियम मात्र या उत्साहाला लगाम घालतो. एक घटक स्थिर ठेवून दुसरा वाढवत गेले की एका मर्यादेनंतर प्रत्येक वाढीव नगामागे मिळणारे जादा उत्पादन घटू लागते. ब्रिटिश विचारवंत माल्थस यांनी १७९८ मध्ये लोकसंख्या अन्नपुरवठ्याला मागे टाकील असे भाकीत केले, त्यामागील तर्काला या नियमाचेच बळ आहे: जमीन तेवढीच, तोंडे वाढती. तर्क चुकीचा नव्हता. तंत्र तेच राहील हे गृहीतक चुकीचे निघाले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेतील नायट्रोजनपासून खताला लागणारा अमोनिया तयार करून दाखवला, कार्ल बॉश यांनी त्याला कारखान्याचे रूप दिले आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. माल्थस यांच्या काळी जेमतेम १०० कोटींच्या आसपास असलेली जगाची लोकसंख्या संयुक्त राष्ट्रांच्या गणनेनुसार नोव्हेंबर २०२२ मध्ये ८०० कोटींवर पोहोचली. अर्थात या खताच्या निर्मितीसाठी जगातील एकूण ऊर्जेपैकी एक ते दोन टक्के ऊर्जा खर्ची पडते. ॲल्युमिनियमप्रमाणे येथेही दुर्मिळता हटली ती दुसऱ्या दारी जाऊन बसण्यासाठीच.

आणि उत्पादन पुरेसे झाले म्हणजे सगळ्यांना मिळाले, असेही नाही. कोणासाठी उत्पादन करायचे हा प्रश्न काय आणि कसे यांच्याइतकाच मूलभूत आहे. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळात २० ते ३० लाख माणसे मेली असे अंदाज आहेत. पण अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवले की त्या वर्षी तेथील धान्याची उपलब्धता, जेव्हा असा दुष्काळ पडला नव्हता त्या १९४१ सालापेक्षा कमी नव्हती. शेतमजूर, मच्छीमार, कारागीर यांच्या मजुरीच्या आणि मिळकतीच्या मानाने तांदूळ त्यांच्या आवाक्याबाहेर गेला होता. किमतीने वाटप होताना ज्याच्या हाती विकण्यासारखे काहीच मोलाचे उरत नाही, त्याची मागणी बाजाराला ऐकूच येत नाही. वाटपाच्या प्रत्येक पद्धतीची बाजू झुकती असते असे मी वर म्हटले, त्याचे याहून भयंकर उदाहरण नाही. दुर्मिळतेचे नाव पुढे करून वाटपाच्या प्रश्नाला बगल देणारेही असतात. त्यांच्यासाठीही मी ती लाल पेन्सिल राखून ठेवली आहे.

आता आपल्याकडे एक विनंती. एखाद्या योजनेची, प्रकल्पाची किंवा मागणीची बातमी छापताना आपण तिच्यावरील खर्चाची रक्कम देता. त्या रकमेच्या शेजारी, तोच पैसा, तीच जमीन किंवा तेच मनुष्यबळ ज्यासाठी मागितले गेले होते आणि जे नाकारले गेले, त्या पुढच्या प्रस्तावाचे नावही द्यावे. हे अवघड आहे असे आपले वार्ताहर म्हणतील. तसे ते फारसे अवघड नाही. अंदाजपत्रक कोणत्याही संस्थेचे असो, ते ठरवणाऱ्या बैठकीपुढे मंजूर झालेल्या प्रस्तावांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, नामंजूर झालेले प्रस्ताव आलेले असतात आणि त्यांची नोंद बहुधा कोठेतरी असते. ती नोंद मागावी. आणि ती मिळाली नाही, तर ती मिळाली नाही एवढे तरी छापावे.

आपली नम्र,
एक निवृत्त अर्थशास्त्र शिक्षिका